जप्त झालेला सिम्युलेटर

हे कुणाला सांगायचं नाही, असं माने सरांनी मला आणि रुक्सारला बजावलं होतं. आम्ही दोघींनी मान डोलावली. पण मी बोलत नाहीये, लिहितेय. शिवाय एखादाच किस्सा असता तर पोटात ठेवला असता. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किस्से खळ्यावरच्या सोयाबीनच्या पोत्यांसारखे साठतात. एक उचलून आत ठेवेपर्यंत बाहेर दोन भरलेली असतात.

आधी ॲपचं सांगते. आमचं गाव अणदूरजवळ. शिवारात मोटरीची लाईट पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री, कधी पाळी विसरून. ती आली का ते बघायला कुणाला तरी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जावं लागतं. म्हणून आम्ही ॲप बनवलं. डीपीजवळ जो असेल त्यानं 'आली' हे बटण दाबायचं, की सगळ्यांच्या मोबाईलवर भोंगा वाजणार. ते धाराशिवच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं. रुक्सारनं त्यासाठी अब्बांना किती दिवस मनवलं होतं. आणि मी दवाखान्याशिवाय दुसऱ्या कामाला धाराशिवला कधी गेलेच नव्हते.

शाळेत मोबाईलला बंदी. म्हणून माने सरांनी लॅबमधल्या चालू असलेल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर सिम्युलेटर टाकला. म्हणजे पडद्यावर एक मोबाईल दिसतो आणि खऱ्यासारखा वागतो. तो सुरू करायला काळ्या खिडकीत कमांड टाईप करावी लागते. रुक्सार कमांड मोठ्यानं वाचायची, मी टाईप करायचे.

*

पहिल्या दिवशी सर म्हणाले, नवीन वस्तू आहे, पूजा झाली पाहिजे. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, मग आम्ही कमांड दिली.

मोबाईल उगवला. ॲप उघडलं. कोपऱ्यात एक लाल ठिपका.

"सर, नोटिफिकेशन आलंय. जात न्हाय," रुक्सार म्हणाली.

सरांनी ॲप बंद करून परत चालवलं. ठिपका तिथंच. कोडमधल्या ओळी काढल्या, ॲपच पुसून टाकलं, तरी ठिपका तिथंच. शेवटी मोबाईलच बंद केला, तर ठिपका काळ्या खिडकीवर लटकत राहिला. व्हायरस दिसतोय, असं सर हळू आवाजात म्हणाले.

मला पहिल्यापासून दिसत होतं. पण मोठी माणसं कामात असताना मध्ये बोलणं मला जमत नाही. शेवटी मी पुढं होऊन ते कुंकू बोटानं पुसलं.

सर माझ्याकडं बघत म्हणाले, "कोणती कमांड दिलीस?"

*

सिम्युलेटरला आपण कुठं आहोत ते सांगावं लागतं. न सांगितल्यास तो स्वतःला अमेरिकेत समजतो. आपल्या डीपीचं अंतर हजारो किलोमीटर दिसायला लागलं, तेव्हा हे कळलं. मग आम्ही गावाचे अक्षांश-रेखांश कमांडमध्ये घातले. या कमांडला रेखांश आधी लागतो. आम्ही भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणं अक्षांश आधी घातला. त्यामुळं आमचा मोबाईल थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन उभा राहिला.

माझे चुलते, तात्या, शाळेच्या कमिटीवर आहेत. ते नेमके तेव्हा बघायला आले होते. सरांनी त्यांना नकाशा दाखवला, आणि तिकडं कित्येक महिने नुसती रात्रच असते, अशी माहितीही दिली.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी तितं बी रातपाळीच की वो!"

*

हा किस्सा छोटा आहे. ॲपमध्ये 'गेली' असं दुसरं बटणही होतं. लाईट गेली की ते दाबायचं. आम्ही ते कधीच तपासू शकलो नाही. लाईट गेली की कॉम्प्युटरही जायचा.

*

प्रदर्शनाला चार-पाच दिवस उरले असताना हेडसर लॅबमध्ये आले. त्यांचा नियम साऱ्या शाळेला पाठ आहे. मोबाईल सापडला की कपाटात, आणि परत द्यायचा तो फक्त पालकांच्या हातात. ते पडद्यासमोर थांबले.

"मोबाईल?"

माने सर म्हणाले, खरा नाही, सिम्युलेटर आहे. हेडसरांनी चौकशी केली. वेळ दाखवतो का? दाखवतो. फोटो निघतो का? निघतो, पण खोटा. रिंग वाजते का? सर 'न्हाय' म्हणायला आणि आमचा भोंगा वाजायला एकच गाठ पडली.

"जप्त," हेडसर म्हणाले.

कॉम्प्युटरचा डबा ऑफिसच्या कपाटात गेला. रुक्सार रडायच्या बेतात होती. ती अब्बांना काय सांगणार होती? मोबाईल जप्त झाला म्हणून? घरात तिच्याकडं मोबाईलच नव्हता. माने सरांनी तीनदा विनंती केली. पण मोबाईल सुरू झाला की पडद्यावर सरांचं नाव यायचं. हेडसरांच्या मते मालक ठरला होता.

"नियम सगळ्यांना सारखा. पालकांना घेऊन या."

*

माने सरांचे पालक दुसऱ्या दिवशी येडशीहून एसटीनं आले. धोतर, टोपी, हातात काठी. सर त्यांना अण्णा म्हणतात. ऑफिसमध्ये सर खाली मान घालून उभे राहिले, आम्ही उभ्या राहतो तसे. कमांड द्यायला बोलावतील म्हणून आम्ही दोघी दारात होतो.

"पोरगं कसंय अभ्यासात?" अण्णांनी विचारलं.

"हुशार आहेत. पण मोबाईलचा नाद लागलाय," हेडसर म्हणाले.

अण्णांनी सरांकडं नुसतं पाहिलं. सर म्हणाले, "अण्णा, तसं न्हाय..." मग अण्णांनी हमीपत्रावर सही केली आणि हेडसरांनी कपाट उघडलं. आम्ही सुटलो असं रुक्सारला वाटलं. तिनं माझा हात दाबला.

अण्णांनी डबा उचलून काखेत मारला. "ह्ये आता माज्यापाशी ऱ्हाईल. परीक्षा झाल्यावर देतो."

आणि ते येडशीच्या एसटीत बसून निघून गेले.

*

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही धाराशिवला नुसता पडदा आणि कीबोर्ड मांडून टेबलामागं उभ्या होतो. बाजूच्या शाळेनं ज्वालामुखी आणला होता. इतक्यात अण्णा आले, पोरींचं नुकसान नको म्हणून. मांडीवर घेऊन आणलेला डबा त्यांनी टेबलावर ठेवला, पण सरांना हात लावू दिला नाही. आम्ही पोरींनीच चालवायचं, त्यांच्या नजरेसमोर. मग खुर्ची ओढून ते दिवसभर सरांवर लक्ष ठेवत बसले.

रुक्सारनं कमांड वाचली, मी टाईप केली. मोबाईल उगवला. परीक्षक वाकून बघू लागले. पांढऱ्या केसांचे, साठीतले. मी 'आली' दाबणार, तेवढ्यात त्यांच्याच खिशात फोन वाजला.

अण्णांनी हात पुढं केला.

"आना इकडं. वडलांना घेऊन या, मग मिळंल."

परीक्षकांनी अण्णांकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं, आणि गुपचूप फोन दिला. मग आमचं ॲप त्यांनी इतक्या मन लावून पाहिलं की ज्वालामुखीवाले रुसले.

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण दुपारी जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मैदानाच्या फाटकातून नव्वदीच्या पुढचे एक आजोबा दोघांच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. परीक्षक त्यांच्या मागं, खाली मान घालून. आजोबा सरळ अण्णांच्या खुर्चीपाशी थांबले आणि म्हणाले, "आमच्या पोराचा

आई हाक मारतेय. लाईट आली म्हणे, मोटर चालू करायला जा