ह्यांच्या पानातली जिलबी

सुधीरचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. बाबा मॉलमध्ये चालताना पडले, एवढंच तो बोलला. मी म्हटलं, "साखर उतरली असेल रे, तोंडात साखर घालायला सांग." तो म्हणाला, "आई, बाबा गेले. हार्ट."

केंब्रिजला मुलाकडे आलो आणि तपासणीत ह्यांना साखर निघाली. डॉक्टरीणबाई पंजाबी होत्या, हिंदीत सांगत, म्हणून मलाही कळे. नुसत्या गोळीने भागणार नाही, नुसत्या चालण्यानेही नाही, दोन्ही हवं आणि जेवण वेळेवर हवं. पहिल्याच संकष्टीला ह्यांनी गोळी घेतली आणि उपास धरला. दुपारी घामाने भिजून थरथरत कपाट धरून उभे! साखरपाणी दिल्यावर सावरले. बाई खूप रागावल्या. तेव्हापासून संकष्टीलाही भाकरी, मेथीची भाजी. हे देवापुढे हात जोडून म्हणत, "बाप्पा, रुसू नकोस, डॉक्टरांचा हुकूम आहे."

बर्फ पडला की हे मॉलमध्ये चालायला जात. दुकानं उघडायच्या आधी इथली म्हातारी माणसं तिथे फेऱ्या घालतात. इंग्रजी येत नसूनही ह्यांचा सगळ्यांशी गुड मॉर्निंग. सून मेधा रविवारी जिलबी आणायची, तेव्हा मात्र हे माझ्या तोंडाकडे बघत. मी अर्धी द्यायचे, तीही सणालाच. "बायको केली की पोलीस आणला," असं मेधाला सांगत.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला होता. बाईंनी कौतुकाने हात मिळवला, घरी येईपर्यंत हे हसत होते. आणि त्याच महिन्यात... सुधीर म्हणतो, साखर कळायच्या आधीच हृदयाला इजा झाली असेल, पथ्य नसतं तर बाबा आधीच गेले असते. तो सांगतो तेव्हा पटतं. चुलीशी, म्हणजे इथल्या स्टोव्हशी, उभी राहिले की पुन्हा काही कळेनासं होतं. सगळं बरोबर केलं, तर मग हे का गेले? आणि जाणारच होते, तर मी अर्धी जिलबी का मागे ठेवत होते?

महिना झाला तेव्हा ह्यांच्या नावाचं पान वाढलं. मेधाने दोन जिलब्या ठेवल्या. मी एक उचलली, हातात धरून उभी राहिले, परत ठेवली. मग पाण्याचं भांडं ठेवलं आणि त्याच्या शेजारी गोळी.

मेधा हळूच म्हणाली, "आई, आता गोळी कशाला?"

मी म्हटलं, "आज दोन जिलब्या आहेत ना."