जयवंतकाकांचा संशय

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या तळ्याकाठी फिरताना जयवंतकाका पाठीमागे कुणाला चालू देत नसत. पावलं वाजली की बाजूला होऊन थांबत आणि माणूस पुढे गेला की मगच निघत. पहिल्या भेटीत मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी आधी झाकण तपासलं, मग मला. “मेधानं पाठवलं का तुला माझ्या मागावर?”

मेधा त्यांची मुलगी, माझी शेजारीण. काकू गेल्यावर तिनं त्यांना पुण्याहून इकडे आणलं होतं. बाबा तरुणपणी आठशे मीटर धावायचे, राज्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं ती सांगायची. मला ते खरं वाटत नसे. घरात ना पदक, ना फोटो.

वर्षभर सोबत चालल्यावर काका एकदा आपणहून बोलले. तेव्हा धावपटू हौशी असावा लागे. कुणाकडून काही घेतलं की नाव बाद. एका दुकानदारानं कौतुकानं त्यांना खिळ्यांचे बूट दिले. ही गोष्ट फक्त त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या, सोबत धावणाऱ्या दिनकरला ठाऊक होती. परदेशी जाणारा संघ जाहीर व्हायच्या आधी निनावी तक्रार गेली. काका कायमचे बाद झाले आणि त्यांच्या जागी दिनकर गेला. पदकं त्यांनी त्याच आठवड्यात विहिरीत टाकली. “शर्यतीत पुढच्याची पाठ दिसते,” ते म्हणाले, “मागच्याच्या मनातलं दिसत नाही.”

गेल्या उन्हाळ्यात मेधाला दिनकरकाकांचा फोन आला. ते जर्सी सिटीला मुलाकडे राहत होते, एका लग्नासाठी ह्यूस्टनला येणार होते. भेटायचं म्हणाले. “त्याला नंबर कुणी दिला?” काकांनी आम्हा दोघांनाही आळीपाळीनं विचारलं.

ते आले, काठी टेकत. मेधानं मलाही बोलावून ठेवलं होतं. चहाचा कप खाली ठेवून दिनकरकाका म्हणाले, “तक्रार मी केली नाही, जयवंता. पण तुझी जागा मिळाली तेव्हा मला आनंद झाला होता. म्हणून तोंड दाखवलं नाही.”

“तूच केली असतीस तर बरं झालं असतं,” काका म्हणाले. “एवढा राग आता मी कुठे नेऊन ठेवू?”

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी त्यांनी मला विचारलं, तो खरं बोलला असेल का. खोटं बोलायला या वयात इतक्या लांब कोण येईल, असं मी म्हटलं.

“खरं बोलायला तरी कोण येतं?”

पण त्या रविवारी त्यांनी स्वतः जर्सीला फोन लावला. मग दर रविवारी लावू लागले. गुडघे, उकाडा, जुन्या मैदानावरची माती, असं काहीबाही बोलत. फोन ठेवला की मेधाला म्हणत, “अजून काहीतरी लपवतोय तो.”

फेब्रुवारीत काका गेले. दिनकरवर त्यांचा पुरता विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. फोन मात्र त्यांनी एकाही रविवारी चुकवला नाही.