जळलेल्या उतारावरच्या तीरचिमण्या

माझी धाकटी बहीण सुमा कुमाऊँच्या डोंगरात वनाधिकारी आहे. हिवाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा चीडच्या, म्हणजे डोंगरी पाइनच्या, झाडांखाली साचलेल्या वाळक्या पानांना तिची माणसं मुद्दाम आग लावत होती. गुडघ्याएवढ्या ज्वाळा उतारावरून संथ सरकत होत्या.

"अगं, पाखरांचं काय?" मी कळवळले.

"आत्ता जाळलं नाही तर उन्हाळ्यात झाडं शेंड्यापर्यंत पेटतात, ताई. घरट्यांसकट."

काही दिवसांनी, धुकं विरताना, आम्ही तिथेच बसलो होतो. राख निवली होती आणि उघड्या जमिनीवर थंडीच्या पाहुण्या तीरचिमण्या दाणे टिपत होत्या. एवढ्यात वरून शिक्रा झेपावला. सगळ्या भुर्रकन शेजारच्या दाट झुडपांत शिरल्या.

मला वाटलं, आपलंही असंच असतं. वावरायला मोकळं अंगण हवं आणि भ्यायल्यावर शिरायला एखादा न आवरलेला कोपरा.

ती झुडपं त्याच दिवशी जाळायची होती. सुमाने झुडपांत दडलेल्या चिमण्यांकडे पाहिलं. मग तिने खालच्या माणसांना हाक मारली, "एवढा तुकडा यंदा राहू दे!"

शिक्रा गेल्यावर झुडपातून एक तीरचिमणी राखेवर उतरली. मग दुसरी. मग सगळ्याच.