टपवाले सुभेदार

सुभेदार नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहतच नसत. आधी त्याच्या चपला, मग हात, आणि अगदीच नाइलाज झाला तर तोंड. "तोंडाचं काय, कुनीबी हसरं करून येतंय," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या रहिमतपूरच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले ती ठेवणीतलं हसू लावून. त्यांनी माझ्या चपला न्याहाळल्या आणि आमच्या ह्यांना विचारलं, "सायेब, वैनी गाडीच्या बाजूनं हायती का इरुद्ध?"

"विरुद्ध," मीच सांगितलं.

"मग झ्याक. उघड इरोध परवडतो. गोड बोलनाऱ्याचा डाऊट येतो."

'डाऊट' हा शब्द त्यांच्या तोंडात विड्यासारखा घोळत असे. फौजेत बावीस वर्षं ट्रक दुरुस्त करून आलेला माणूस. चहा आला की कप हलवून बघायचे, पेट्रोल बोटाला लावून हुंगायचे, आणि आभाळ निरभ्र असलं तर जास्तच बारकाईनं वर पाहायचे. स्वतःच्या मुलाच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी त्यांनी भटजींना अडवून विचारलं होतं, "ह्यो मुहूर्त कुनाच्या घड्याळाचा?" मांडवातली चार घड्याळं जुळवली तेव्हाच पुढचं मंगलाष्टक सुरू झालं. त्यांची बायको हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. "आवं, चौघांत दोन मिंटाचा फरक निगाला. सूनबाई अजून म्हनती, माझं लगीन दोन मिंटं उशिरा लागलंय."

ही काही फार जुनी गोष्ट नाही. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे एकसष्ट वर्षांची, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या ह्यांची सगळी नोकरी कोयनानगरला धरणावर गेली, सरकारी जीपच्या ताडपत्रीखाली. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहायला आलो. शेजारचे लोक घराला रंग देत होते, देवदर्शनाला जात होते. ह्यांनी पुण्याहून लाल रंगाची, दोनच माणसांची, उघडी गाडी आणली. वर कापडी टप. तो मागे सारला की डोक्यावर नुसतं आभाळ. मुलानं फोनवर विचारलं, "आई, बाबांना झालंय काय?" मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "डोळे, कान, गुडघे, यांतलं एक जरी कुरकुरलं तरी दुसऱ्या दिवशी गाडी विकायची." हे नुसतं "बरं" म्हणाले. धरणावरचा माणूस. अडवून ठेवायची सवय.

सांगलीत गॅरेजं नाहीत असं नाही. पण फौजेतून आल्यावर काही वर्षं धरणाच्या जीपा सुभेदारांनी सांभाळल्या होत्या, त्यामुळे ह्यांचा दुसऱ्या कुणाच्या हातावर विश्वास नव्हता. दर तीन महिन्यांनी लाल गाडी रहिमतपूरला जायची. सुभेदार लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. मी काही बोलायला लागले की दुसरा हात वर. "थांबा वैनी, ही सांगतीया."

तिसऱ्या वर्षी ह्यांनी टपाचं काढलं. कापडी टप होता, पण ह्यांना आता फायबरचा, कडक, बोल्टनं आवळायचा टप हवा होता.

"कशाला?"

"बरा असतो."

"उन्हासाठी?"

"उन्हालाही बरा."

ज्या माणसानं आभाळ दिसावं म्हणून गाडी घेतली, त्याला तिच्यावर झाकण कशाला हवं? सुभेदारांना विचारलं, तर जो माणूस चहाच्या कपावर विश्वास ठेवत नाही तो म्हणाला, "सायेब म्हनत्यात तर बसवू." ना प्रश्न, ना डाऊट. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं, हे दोघं मिळालेले आहेत. उघड्या गाडीत शेजारी कोण बसलंय ते अख्ख्या गावाला दिसतं. कडक टपाखाली दिसत नाही. मग टप कुणासाठी?

आणि पुढच्याच आठवड्यात गाडीच्या कप्प्यात रुमाल शोधताना मला नेलपॉलिशची बाटली सापडली. गुलाबी. अर्धी वापरलेली.

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी गाडीत बसल्या बसल्या घामानं भिजले. मी आयुष्यात नखं रंगवली नाहीत. सुनेला विचारलं, तिची नव्हती. बाटली मी होती तिथेच ठेवली, कारण चोराला सावध करायचं नसतं, एवढं पोलिसी ज्ञान मला टीव्हीवरून मिळालेलं होतं. मी दुसरंच हत्यार उपसलं. गाडीत अबोला. घरात भाजी, दूध, औषधं यापुरतं बोलायचं, पण गाडीत बसलं की ओठ शिवलेले. एरवी मी सांगलीपासून साताऱ्यापर्यंत अखंड बोलणारी बाई. दोन दिवसांत ह्यांची बोबडी वळेल, पाय धरतील, सगळं कबूल करतील असा माझा हिशेब.

तीन आठवडे गेले. ह्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आपले रस्त्याकडे बघत गाडी चालवताहेत, मधूनच मान डोलावताहेत, एकदा तर "हो ना" असंही म्हणाले. मी काही बोललेच नव्हते! नवऱ्याला बायकोची बडबड आणि बायकोचा अबोला सारखाच वाटायला लागला, म्हणजे संसार आटोपला, असं मी रात्री उशीला सांगितलं.

मग टपाची मापं घेण्यासाठी गाडी चार दिवस रहिमतपूरला राहिली. "मैत्रिणीकडे भिशी आहे" असं सांगून मी घराबाहेर पडले, मुलाचा जुना काळा गॉगल लावला, डोक्यावरून पदर घेतला आणि दोन एसट्या बदलून गॅरेजसमोर जाऊन उभी राहिले. सुभेदार गाडीखाली होते. तिथूनच त्यांना माझ्या चपला दिसल्या.

"या वैनी," खालून आवाज आला. "गॉगल काडा. चपला त्याच हायती."

ते बाहेर आले. हातात गुलाबी ब्रश. टपासाठी बसवलेल्या पट्ट्यांच्या प्रत्येक बोल्टवरून पत्र्यापर्यंत त्यांनी एक बारीक गुलाबी रेघ ओढली होती. "आमच्या मंडळींचं नेलपॉलिश हाय. ही रेघ तुटली की समजायचं, बोल्ट हलला, न्हाईतर कुनीतरी हात लावला. पेंट घ्यावा तर दुकानदार पानी घालतंय का म्हनून डाऊट."

मी तिथल्या टायरवर बसले. "मग ती कप्प्यातली बाटली विसरला होतात?"

"इसरीन कसा? मुद्दाम ठिवली हुती." सुभेदारांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "सायबांना शबूद दिलाय, तोंड उघडता येत न्हाई. म्हनलं, वैनीला डाऊट येऊ दे. डाऊट आला की मानूस आपल्या पायानं चालत येतंय. पर तीन आठवडं लावलंत वैनी. मी चार दिसांत याल म्हनून वाट बगत हुतो."

"आणि रागानं मी घटस्फोट मागितला असता म्हणजे?"

"आवं, ह्या वयात? तेवढा डाऊट मला न्हवता."

काय ते सांगा, म्हणून मी धोशा लावला. ते सांगेनात. शब्द म्हणजे शब्द. शेवटी त्यांनी कापसाचा एक बोळा माझ्या हातात दिला. "उजव्या कानात घाला. आनि बसा गाडीत." टप मागे सारला, मला डावीकडे बसवलं, स्वतः स्टीअरिंगवर बसले आणि साताऱ्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, समोरून भणाणणारा वारा. सुभेदार माझ्या उजवीकडे बसून काहीतरी बोलत होते. ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा ते हसलेसुद्धा. मला काही म्हणता काही कळत नव्हतं. मी आपली मान डोलावत होते. एकदा तर "हो ना" म्हणाले.

आणि म्हणाले तेव्हाच मला ह्यांचं 'हो ना' आठवलं.

सुभेदारांनी गाडी बाजूला घेतली. मी बोळा काढला. "ह्यांचा डावा कान का हो?" एवढंच विचारलं. मी नेहमी ह्यांच्या डावीकडे बसते.

"मी सांगितलं न्हाई हां," ते म्हणाले. "गेल्या दिवाळीला डाव्या चाकातनं आवाज येत हुता. मला ईस पावलांवरनं कळला. सायबांना बसल्या जागी न्हाई. तवा मला डाऊट आला. सायेब म्हनले, वैनीला कळलं तर गाडी इकंल. कापडी टप घालून बगितला, तर त्यो ताशावानी फडफडतोय. कडक टप घातला तर तिचं बोलनं थोडंफार कानावर पडंल, म्हनले. बाकी वारा गेला तरी चालंल."

मी तीन आठवडे ज्या माणसाला शिक्षा देत होते, त्याला मी गप्प आहे हेसुद्धा ऐकू येत नव्हतं. आणि तो माझं बोलणं ऐकू यावं म्हणून डोक्यावरचं आभाळ द्यायला निघाला होता. इतक्या वर्षांची अक्कल त्या उसाच्या कडेला मी पदरानं पुसली.

परतताना मी म्हटलं, "घाला तुमचा टप. मी काही गाडी विकत नाही."

मला वाटलं, सुभेदार खूश होतील. त्यांनी मान हलवली. "न्हाई. आदी कान, मग टप. टपाखाली तुमचं बोलनं ऐकू येईल, पर मागनं आलेल्या ट्रकचा हारन? मी मापं घेतली, पर टप बसवनार न्हाई. सायबांवर माझा लय जीव हाय, म्हनूनच."

ह्यांना मी काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. थोडं भांडण झालं, थोडं रडणं झालं, त्यात माझं किती आणि ह्यांचं किती हे आमच्या दोघांपुरतं. मिरजेला कान तपासला, यंत्र घेतलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. तो कागद सुभेदारांनी उजेडात धरून दोनदा वाचला, शिक्का बोटानं घासून पाहिला, आणि मगच टप घेऊन टेम्पोतून विश्रामबागेत उतरले.

टप उचलायला चार माणसं लागणार होती. सुभेदार म्हणाले, "आदी रिकाम्या हातानं." मी, हे, शेजारचे पाटील आणि टेम्पोवाला, चौघांनी हवेतला टप उचलला, चार पावलं नेला, गाडीवर अलगद ठेवला. तीनदा. गॅलऱ्यांतून माणसं बघायला लागली. कोणीतरी विचारलं, "काकू, कसली पूजा आहे?" खरा टप बसला तेव्हा सुभेदारांनी मला मांडीवर वर्तमानपत्र पसरून आत बसवलं आणि बाहेरून पाइपनं पाणी मारलं. डाव्या कोपऱ्यातून एकच थेंब कागदावर पडला. त्या थेंबासाठी त्यांनी सगळा टप परत उतरवला. पाटील घरी जाऊन झोपले होते, त्यांना उठवून आणलं.

त्यानंतर पाच वर्षं ते दर तीन महिन्यांनी आमच्या गाडीचं ऐकत राहिले, आणि आडून आडून ह्यांच्या कानाचंही. पाठीमागे उभे राहून हळूच पाना फरशीवर टाकायचे आणि हे वळून बघतात का ते पाहायचे. मागच्या श्रावणात ते गेले. आम्ही भेटायला रहिमतपूरला गेलो. त्यांची बायको ओसरीवर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "शेवटच्या दिवशी सायबांची आठवन काडली त्यांनी," ती म्हणाली. "म्हनले, दर सा महिन्यानं कान दाखवतात का इचार. सायबांना न्हाई, वैनीला इचार."

"दाखवतात," मी म्हटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले.

परतीच्या रस्त्यावर पाऊस लागला. टपावर नुसता बारीक आवाज, आत सगळं कोरडं. मी खिडकीकडे तोंड करून बसले. हुंदका गिळून टाकणं मला चांगलं जमतं, चाळीस वर्षांची सवय आहे. ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"का थांबलात?"

"तू रडतेस."

"मी? सर्दी झालीय मला."

"नाही," हे म्हणाले. "मला ऐकू येतंय."