थोडी गरम हवा

बेळगावच्या बसस्टँडवर त्या सकाळी मी निपाणीकडून आलेल्या तीन गाड्या रिकाम्या होताना पाहिल्या. प्रत्येक गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराकडं बघत राहिले. यशवंतमामा कुठल्याच गाडीत नव्हते. बारा वाजता कचेरीत सुनावणी होती, आणि मामा वेळेच्या आधी अर्धा तास पोचणारे गृहस्थ. चौथ्या गाडीची वाट बघत असताना फोन वाजला. नंबर मामांचा, आवाज परका. "हा फोन ज्येंचा हाय, त्येंच्या कोण तुमी?" मी म्हटलं, भाची. "निपाणी स्टँडवरनं बोलतोय ताई. घरातलं कोणतरी मोठं माणूस घिऊन या..."

मामा बाकावर खांबाला टेकून बसले होते. मांडीवर कागदांची फाईल होती. डुलकी लागलीय असं समजून लोकांनी बराच वेळ त्यांना हाक मारली नाही. मे महिना, त्यात त्या आठवड्यात ऊन असं पेटलेलं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत जाऊन पडली होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. त्याला आता सात आठवडे झाले.

यशवंतमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमची आजी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मामा म्हणायचे, आई घरी आली की तिच्या पदराच्या वासानं आम्ही पोरं शिंकायला लागायचो. दहावीनंतर मामा वखारीत गेले नाहीत. बर्फाच्या कारखान्यात लागले. तिथल्या मिस्त्रीनं त्यांना कॉम्प्रेसर खोलायला आणि जोडायला शिकवलं. पुढं आयटीआय, कोल्हापुरात शीतगृह, मग पुण्यात मोठ्या इमारतींचे एसी... असं करत करत मुंबईच्या पलीकडच्या एका औद्योगिक पट्ट्यात, डेटा सेंटरमध्ये गारव्याची व्यवस्था बघणाऱ्या तुकडीचे प्रमुख झाले. डेटा सेंटर हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा त्यांनीच आणला. मी तेव्हा कॉलेजात होते. आईनं विचारलं, तिथं असतंय तरी काय? मामा म्हणाले, "आक्का, तुझ्या फोनमधलं सगळं तिथं असतंय. लगनाचं फोटू, बँकेची पासबुकं, पोरांच्या परीक्षंचा निकाल. लोकास्नी वाटतंय ते आभाळात ऱ्हातंय. कपाटं असत्यात गं नुसती. हजारानं कपाटं, आणि ती रात्रंदिवस तापत्यात."

बर्फाच्या कारखान्यातल्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलेली एक गोष्ट मामा जन्मभर सांगत आले. गारवा तयार करता येत नाही. "हितलं ऊन उचलायचं आणि तितं न्हेऊन टाकायचं, एवडंच काम. तवा आदी इचारायचं, तितं म्हंजे कुटं?" लहानपणी मला ते फक्त गमतीचं वाटायचं.

निवृत्तीला चार वर्षं असताना मामांनी अचानक ती नोकरी सोडली आणि गावी आले. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं, हायवेपासून आत आमचं गाव. कारण विचारलं की म्हणायचे, कंटाळा आला. खरं कारण त्यांनी मला गेल्या वर्षी सांगितलं, आणि तेही माझ्याच चुकीमुळं सांगितलं.

मी बेळगावात, खासबागेत राहते. इंग्रजी आणि कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. आमच्या भागात हे काम पुष्कळ. सरकारी कागद कन्नडमध्ये, कंपन्यांचे इंग्रजीत, आणि ज्यांच्या जमिनीबद्दल ते असतात ती माणसं वाचतात मराठी. गेल्या वर्षी एका कंपनीचं काम आलं. हायवेलगत डेटा सेंटर होणार होतं, आमच्याच गावच्या शिवारात. इंग्रजी अहवाल जाडजूड होता. "गावकऱ्यांना समजेल असं दोन पानांत द्या," असं त्यांनी सांगितलं. मी दिलं. रोजगार, रस्ता, वीज, पाणी, सगळं सोप्या भाषेत. एका ठिकाणी पंख्यांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचे तक्त्यांवर तक्ते होते. मला ते कळले नाहीत. मी लिहिलं, "प्रकल्पातून थोडी गरम हवा बाहेर पडेल."

शाळेच्या पटांगणात सभा झाली. मी कौतुकानं गेले होते, माझं लिखाण मामांच्या गावात वाचलं जाणार म्हणून. पत्रकं वाटली गेली. आलेल्या अधिकाऱ्यांना मराठी वाचता यायचं. समोर बसलेल्या काही कन्नड शेतकऱ्यांसाठी त्यांनी माझं पत्रक बघत बघत तोंडी कन्नड केलं. त्या ओळीपाशी आल्यावर हात हलवून म्हणाले, "स्वल्प बिसी गाळी, अष्टे." थोडी गरम हवा, एवढंच. माझा शब्द दुसऱ्या भाषेतही गेला, आणि जाताना आणखी हलका झाला. लोकांनी माना डोलावल्या. मामा मागच्या रांगेत होते. पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचत होते. सभा संपल्यावर ते माझ्याकडं आले.

"हे तू लिवलंस?"

"व्हय मामा."

"थोडी म्हंजे किती गं?"

मी म्हटलं, मूळ कागदात तसंच असेल. मामा म्हणाले, "असंल?" त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. मी बेळगावला परतले आणि अहवाल उघडला. 'थोडी' त्यात कुठंच नव्हतं. मला तो शब्द लिहायला कुणी सांगितलंही नव्हतं. जे कळलं नाही, ते मी थोडं करून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी अहवाल घेऊन मी गावी गेले. मामांनी चष्मा लावून ते तक्ते दुपारभर वाचले. शांतामामी दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा निवला. मग ते मला शिवारात घेऊन गेले. जागेवर चुन्याच्या खुणा होत्या. "हितं इमारत. हितं पंखं, ह्या तोंडानं." त्यांनी हात केला त्या दिशेला आमची वस्ती होती. मामांचं घर, बुद्धविहार, पत्र्याची चाळीसएक घरं. दुसऱ्या बाजूला हायवे आणि माळ. "तिकडं तोंड केलं तर इमारत हायवेवरनं चांगली दिसत न्हाय," मामा म्हणाले. "नकाशा काढणारा वाईट नसतोय सुजा. कागदावर वस्ती रिकामीच दिसती त्येला. राख असू दे, घाण असू दे, ऊन असू दे... टाकायला आमचीच बाजू दिसती."

तिथंच बांधावर बसून त्यांनी मला नोकरी सोडल्याचं खरं कारण सांगितलं. त्यांच्या डेटा सेंटरच्या मागच्या भिंतीला लागून झोपड्यांची रांग होती. तिथं एक म्हातारी पापड करून विकायची. भिंतीवरच्या पंख्यांची गरम हवा तिच्या दारात यायची. पहिल्या वर्षी ती मामांना हसून म्हणाली होती, तुमची हवा बरी आहे, पापड लवकर वाळतात. मामाही हसले होते. मग दुसरी इमारत झाली, पंखे वाढले. उन्हाळेही चढत गेले. "बाहीर ऊन वाढलं की आतली कपाटं गार ठेवाय मशीन जास्त चालवावं लागतंय. मशीन जास्त चाललं की बाहीर आनी ऊन. त्येला वीज, विजंला कोळसा, म्हंजे सगळ्या दुनियंचं ऊन वाढाय परत आमीच." एका मे महिन्यात म्हातारी गेटवर आली. मामांना म्हणाली, साहेब, जरा कमी करता येईल का? दुपारी घरात बसवत नाही.

"मी काय म्हनलो असंन?" मामांनी मला विचारलं. "म्हनलो, बघतो."

त्यांना बघता आलं असतं. आतल्या खोल्या गरजेपेक्षा दोन-चार डिग्री जास्तच गार ठेवलेल्या असायच्या, भेटीला येणाऱ्या बड्या लोकांना रुबाब वाटावा म्हणून. तेवढं सोडलं असतं तरी पंख्यांचा जोर कमी झाला असता. भिंतीवरचे पंखे छतावर नेता आले असते. त्यासाठी वर पत्र लिहायचं होतं. मामांनी ते उद्यावर टाकलं. आठवड्याभरात म्हातारी पत्र्याच्या खोलीत दुपारच्या वेळी गेली. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. "आसंल बी," मामा म्हणाले. "वय झालतं. पर मी तितनं रोज जायचो गं... खाटंवर अर्धं वाळल्यालं पापड तसंच हुतं. पंखं चालूच. पापडांचं काट वर उचलल्यालं, हलाय लागल्यालं." मामांनी त्यानंतर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली.

बांधावर बसलेल्या मामांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. ते माझ्याकडं बघत नव्हते. वस्तीकडं बघत होते, जणू तिथल्या प्रत्येक दारात कुणीतरी खाट टाकलेली त्यांना दिसत होती.

गावात काहींना वाटलं, मामा प्रकल्पाच्या विरोधात आहेत. पोरांना काम मिळणार होतं, त्यामुळं दोन-तीन घरांनी बोलणं सोडलं. सरपंच एकदा दारात येऊन म्हणाले, "आण्णा, तुमी सोता त्येच्यावर जगलासा, आता आमच्या पोरांच्या आडवं का येताय?" मामांनी त्यांना आत बोलावून बसवलं. "मी आडवा न्हाय. होऊ दे की. फोन काय मीबी टाकून दिल्याला न्हाय. पर नीट होऊ दे." आणि बोटांवर मोजत सांगितलं. बोअर मारायचे नाहीत. निपाणीचं सांडपाणी शुद्ध करून ते वापरायचं, मशीनला गोड पाणी लागत नाही. पंख्यांचं तोंड माळाकडं. आतला गारवा लागेल तेवढाच. छतावर सोलर. डिझेलची जनरेटरं तपासायला चालवायची ती शाळा सुटल्यावर. सरपंच निघताना एवढंच म्हणाले, "हे लिवून द्या."

लिहून द्यायचं काम माझ्याकडं आलं. पुढचे सहा महिने मी दर रविवारी गावी गेले. मामा बोलायचे, मी मराठीत लिहायची, मग कन्नड आणि इंग्रजी करायची. एखादा शब्द गुळगुळीत झाला की मामा थांबवायचे. मी 'तापमानात वाढ' लिहिलं तर म्हणायचे, "वाढ काय पगाराची हाय व्हय? आंग भाजतंय असं लिव." एरवी ते थट्टेखोर होते. पण मधूनच बोलता बोलता गप्प व्हायचे आणि मान कलती करून ऐकत राहायचे. एकदा विचारलं, काय ऐकताय? म्हणाले, "पंखं. बंद पडलं न्हाईत अजून." गावात तेव्हा वीज गेलेली होती.

आम्ही दिलेल्या त्या निवेदनावरची सुनावणी मामा गेले त्या दिवशी पुढं ढकलली गेली. मामांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसांच्या कार्यक्रमानंतर चारच दिवसांनी नवी तारीख होती. मी गेले. बरोबर सरपंचही आले, आणि वस्तीतल्या सात बायका. मी आधी पत्रक वाचून दाखवलं आणि सांगितलं की ही ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे. समोरचे अधिकारी म्हणाले, एका शब्दाचं काय एवढं? तेव्हा शांतामामी उठली. कचेरीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "साहेब, आमचं मालक त्या शब्दापायी गाडीची वाट बगत हुतं."

बोअर होणार नाहीत, शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचं, हे लेखी आलं आहे. पंख्यांचं तोंड फिरवण्याबद्दल 'विचाराधीन' एवढाच शब्द आहे. सोलर आणि गारव्याबद्दल उत्तर नाही. नवं पत्रक मात्र मला लिहायला मिळालं आणि ते पंचायतीच्या फळ्यावर लागलं. त्यात 'थोडी' नाही. लिहिलंय, उन्हाळ्यात या बाजूला उभं राहिलात तर भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटेल. पंख्यांबद्दलची पुढची तारीख पावसाळ्यानंतर आहे. सात बायकांनी आपापली नावं आताच देऊन ठेवली आहेत.

मामांचा एक निरोप माझ्या फोनमध्ये आहे. त्या सकाळी स्टँडवरच्या गोंगाटात मला तो आल्याचं कळलं नाही. पाच दिवसांनी दिसला. बारा सेकंदांचा. "सुजा, निपाणी स्टँडवर बसलोय गं. सावली हाय हितं. गाडी लागली की निघतो. तू उनात उबी ऱ्हाऊ नगंस..." पुढं दम लागल्यासारखा एक श्वास, मागं कुणीतरी गाडीचं नाव पुकारतंय, आणि संपतं. हा आवाज कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी कपाटात ठेवलेला आहे. कुठल्या गावात, मला माहीत नाही. तो टिकावा म्हणून तिथं गारवा चालू आहे आणि भिंतीपलीकडं ऊन फेकलं जातंय. मी तो पुसणार नाही. मामांनीही पुसायला सांगितलं नसतं. पण तो ऐकला की मला आधी मामा दिसत नाहीत. एक दार दिसतं, दारात खाट, आणि तिच्यावर गरम हवेला हात आडवा धरून बसलेली, मी कधीच न पाहिलेली ती पापडवाली बाई. ती माझ्याकडंच बघत असते. मी फोन ठेवते. सकाळी पुन्हा ऐकते.