पुढच्या रिकाम्या सीटा

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता खून कोणत्या ठाण्याला असताना झाला, हे सांगायला मला जुनी डायरी काढावी लागते. ही एक केस मात्र डायरी न उघडता सांगता येते. तसे पाहिले तर ती साधी अपघाताची केस होती, आठवड्याभरात कागद पूर्ण करून बाजूला ठेवावी अशी. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसे अजून त्याच भागात राहतात.

मी तेव्हा चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. कारखाने वाढले, माणसे वाढली, रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. त्या दिवशी दुपारी सव्वादोनच्या सुमारास दुसऱ्या पाळीचे कामगार घेऊन निघालेल्या एका बसने वळणावर स्कूटरला समोरून धडक दिली. स्कूटरवर जवळच्याच गावातली आशा सेविका होती. वय चाळिशीच्या आत. गाव तिला ताई म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. एका बाळंतिणीच्या घरी बाळाचे वजन करायला ती निघाली होती. तिचा वजनकाटा आम्हाला रस्त्याकडेच्या चारीत सापडला. ताईचा जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आम्ही पोहोचलो तेव्हा वाहतूक अडू नये म्हणून लोकांनी स्कूटर उचलून कडेला लावली होती. बस बरीच पुढे जाऊन थांबली होती आणि ड्रायव्हर पळून गेला होता. पंचनामा केला, पण वाहने जागची हलली की पंचनाम्यात जीव राहत नाही. फुटलेल्या काचा रस्ताभर होत्या. वळणावर कॅमेरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ड्रायव्हर स्वतःहून हजर झाला. सोबत बस पुरवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, धुतलेला शर्ट, लायसन्स प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेले. त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता.

"पळालो का, तर लोकांनी मारलं असतं, साहेब," तो म्हणाला. "बाई एकदम राँग साइडनं आली. मी ब्रेक मारला, पण उपयोग झाला नाही."

त्याचे रक्त तपासणीला पाठवले. बावीस तासांनी काढलेल्या रक्तात काय सापडणार? काहीच सापडले नाही.

मग बसमधल्या कामगारांचे जबाब घेतले. तिसेक जण होते, निम्म्या बायका. बहुतेक बीड, लातूर, परभणीकडून पोटासाठी आलेले. प्रत्येकाच्या जबाबात एकच वाक्य होते: "स्कूटर अचानक राँग साइडने आली."

माझा जुना हवालदार समाधानाने म्हणाला, "साहेब, तीस जण एकच सांगतायत. आणखी काय पाहिजे?"

"तीस जण एकच सांगतायत, तेच नको आहे," मी म्हणालो.

हा माझा अनुभव आहे. अपघात पाहिलेली दहा माणसे दहा गोष्टी सांगतात. कोणाला गाडी लाल दिसते, कोणाला तपकिरी. एकाला हॉर्न ऐकू येतो, दुसऱ्याला येत नाही. सगळ्यांना एकच वाक्य, त्याच शब्दांत आठवत असेल, तर ते वाक्य कुठेतरी एकत्र बसून ठरलेले असते. पण हे मला वाटून उपयोग नव्हता, कोर्टापुढे नेता यायला हवे होते.

मी दवाखान्यात ताईचा जबाब घ्यायला गेलो. पहिल्या दिवशी ती ठामपणे बोलली. "मी माझ्याच बाजूनं हुते, साहेब. बसच माझ्या अंगावर आली."

तीन दिवसांनी पुन्हा गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बरोबरच्या महिला शिपायाने तिला पाणी दिले. ते पिऊन ती म्हणाली, "तीस माणसं खोटं कशी बोलतील, साहेब? माझंच चुकलं असंल. सासूबाई बी म्हणत्यात, तुला घाईची सवय हाय. बाळाचं वजन कमी भरत हुतं, माझ्या डोक्यात तेच हुतं. गेलेही असंन राँग साइडनं."

पाय गेलेला माणूस मी त्याआधीही पाहिला होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरचा विश्वास गेलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.  

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. तो त्या महिला शिपायानेच उचलला. पलीकडे बाईचा आवाज होता, बोली मराठवाड्याची. "ती बाई तिच्या बाजूनं होती. बसच तिकडं गेली होती. मामा त्या दिवशीबी पिऊन आला होता."

"तुम्ही कोण बोलताय?"

"माझं नाव कामून पाहिजे?" एवढे म्हणून फोन बंद झाला.

कामगार त्या ड्रायव्हरला मामा म्हणत, हे आम्हाला माहीत होते. महिला शिपायाने विचारले, "साहेब, कंपनीकडून नंबर काढू?"

मी नको म्हणालो. काढता आला असता. पण त्या बाईला दोन पोलिसांच्या मधे चालवत ठाण्यात आणले असते, तर भीतीने तिने आधीचाच जबाब पुन्हा दिला असता. घाबरलेल्या साक्षीदाराला ओढून आणले की तो कायमचा हातून जातो. मी ठरवले की तिला ठाण्यात आणायचे नाही, आपणच बसमध्ये जायचे.

सातव्या दिवशी दुपारी मी आणि महिला शिपाई साध्या कपड्यांत त्या बसच्या थांब्यावर उभे राहिलो. बस तीच, ड्रायव्हर नवा, पंचविशीचा पोरगा. सगळे चढल्यावर शेवटी आम्ही चढलो. आत पाय ठेवला आणि माझे लक्ष पुढे गेले. ड्रायव्हरच्या लगेच मागच्या दोन्ही बाजूंच्या सीटा रिकाम्या होत्या. त्यामागची रांगही रिकामी. आणि मागे दोघांच्या सीटवर तिघी बसल्या होत्या, दोन पुरुष दांडीला धरून उभे होते.

मी पुढच्या सीटवर बसलो आणि मागे वळून ओळख सांगितली. 

"इथे जागा आहे की. मग उभे का?" मी उभ्या असलेल्या एकाला विचारले.

तो खिडकीबाहेर पाहू लागला. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे हे बोलण्याइतकेच महत्त्वाचे असते, हे नवीन अधिकाऱ्यांना पटायला वेळ लागतो. शेवटी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सवय झालीय, साहेब."

"कसली सवय?"

तिने शेजारणीकडे पाहिले. शेजारीण चाळिशीची, कपाळाला मोठे कुंकू. तिनेच उत्तर दिले, आणि आवाज ऐकताच महिला शिपायाने माझ्याकडे पाहिले.

"वास यायचा, साहेब. पुढं बसलं की मळमळायचं. म्हणून आमी मागंच बसतो. दोन वर्षं झाली."

त्यानंतर बस कंपनीच्या गेटवर पोहोचेपर्यंत सगळे बोलत होते. मी मध्ये फक्त एकच प्रश्न विचारला: त्या दिवशी पुढे कोणी बसले होते का? कोणीच नव्हते. मग मागून, उभ्या माणसांच्या आडून, स्कूटर कोणत्या बाजूने आली हे तीस जणांना दिसले कसे? दिसले नव्हतेच. खिडकीच्या बाजूच्या पाच जणींना मात्र एक गोष्ट दिसली होती. वळणावर बस रस्त्याच्या उजव्या कडेला गेली होती, इतकी की पलीकडच्या बाभळीच्या फांद्या खिडकीला घासल्या होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी ती बाभूळ पाहिली. बसच्या उंचीवर ताज्या मोडलेल्या फांद्या होत्या. ताईच्या बाजूला. बसच्या उजव्या पत्र्यावरचे ओरखडे आम्ही आधी अपघातातलेच समजलो होतो. दोन्हींचा पंचनामा केला.

"मग खोटं का सांगितलंत?" मी त्या कुंकवाच्या बाईला विचारले होते. मला वाटले होते, ठेकेदाराने धमकावले असेल. थोडे तेही होते. पण तिचे उत्तर वेगळे होते.

"मामा वाईट माणूस नाही, साहेब. लेकरू आजारी असलं, उशीर झाला, तर दोन मिनिटं थांबायचा. दुसरे ड्रायव्हर थांबत नाहीत, खाडा पडतो. आन् पिऊनबी नीट चालवायचा. आमच्या घरचे तर पिऊन नीट चालतबी नाहीत."

शेवटचे वाक्य ऐकून दोघी-तिघी हसल्या. मग हसू थांबले, आणि ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "त्या बाईचा पाय गेला म्हणून कळलं, आन् मला जेवण जाईना."

ड्रायव्हरला मी पुन्हा ठाण्यात बोलावले. त्याला समोर बसवले, चहा दिला. हात उचलायची गरज माझ्या नोकरीत मला क्वचितच वाटली, इथे तर मुळीच नाही. तो कुठे जेवतो, एवढेच विचारले. बस उभी करायच्या जागेजवळच्या खानावळीत, रोज साडेबाराला. मी त्याला ठाण्यातच बसवून खानावळीत गेलो.

मालक गडी स्थानिक, जुन्या शेतकरी घरातला, बोलायला मोकळा. गल्ल्यावर लक्ष राहावे म्हणून त्याने कॅमेरा लावला होता. त्यात त्या दुपारचे सगळे होते. ड्रायव्हर कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. मालकाने काउंटरखालून क्वार्टर काढून दिली, पाण्याचा जगही स्वतः नेऊन ठेवला. पावणेदोनला ड्रायव्हर उठला तेव्हा क्वार्टर रिकामी होती.

"परवाना नसताना दारू देता?" मी विचारले.

"इकतो कुठं, साहेब? बाटली त्याचीच. आमी नुसती ठेवून घेतो," तो म्हणाला. "आन् मी त्याला जास्ती पिऊ देत न्हाई. दुसरी मागितली तर म्हणतो, न्हाई मामा, दोनला ड्यूटी हाय तुझी. काळजी घेतो मी."

तो हे मनापासून सांगत होता. आपण चांगले काम करतो, असेच त्याला वाटत होते. सुपरवायझरचेही तसेच. "बस वेळेवर आली पाहिजे, साहेब. मामा कधी दांडी मारत नव्हता," असे तो म्हणाला. त्याच्या मागे बसून प्रवास करणाऱ्या तीस माणसांपासून ते पगार देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होते, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने ते सांभाळून घेतले होते.

मी परत आलो आणि चित्रण ड्रायव्हरला दाखवले. त्याने शेवटपर्यंत पाहिले.

"मी दारुडा नाही, साहेब," तो म्हणाला. "जेवणाआधी एक क्वार्टर. हात स्थिर राहतो."

"त्या दिवशी वळणावर काय झालं?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "मला वळण दिसलंच नाही. डोळे उघडले तेव्हा बाई समोर होती. ती हात वर करून थांबवत होती मला." मग तो रडला. "तिनं हॉर्नबी दिला होता. मला ऐकू आला होता, साहेब."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण बाभूळ, बसचा पत्रा, खानावळीचे चित्रण आणि पाच बायकांच्या साक्षी, हे सगळे चालते. बायकांचे जबाब मी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतले. लगेच ठेकेदाराने त्यांच्या थांब्यावर बस थांबवणे बंद केले. महिनाभर त्या शेअर रिक्षाने गेल्या, दोघींचे काम सुटले. तरी कोर्टात पाचहीजणी आल्या आणि जे पाहिले तेच बोलल्या. ड्रायव्हरला शिक्षा झाली. सुपरवायझर आणि खानावळवाला यांच्यावरही गुन्हे नोंदले. या तपासात आमचे काम मोठे होते असे मी म्हणत नाही. धैर्य त्या पाचजणींचे होते.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो निकालाचा दिवस नाही. बसमधून उतरलो त्या संध्याकाळी मी सरळ दवाखान्यात गेलो होतो. ताईला सांगितले, बस तुमच्या बाजूला आली होती, पाच जणींनी पाहिले आहे.

ती उठून बसायचा प्रयत्न करू लागली. "म्हंजी मी बरोबर हुते?"

"हो. पूर्ण बरोबर."

"सासूबाईंना तुमीच सांगा, साहेब," ती म्हणाली, आणि पाय गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी सासूबाईंना बोलावून तिच्यासमोरच सांगितले.  त्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या.

या केसने मला काय शिकवले? दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस एकटा नसतो. त्याच्याभोवती त्याला ओळखणारी, त्याच्यावर माया असणारी माणसे असतात, आणि ती शिव्या देत नाहीत, सांभाळून घेतात. हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. ठाण्यातल्या निरोप समारंभानंतर दोन पेग घेऊन मी स्वतः मोटरसायकल घरी नेलेली आहे, आणि गेटवरच्या शिपायाने मला सलाम केलेला आहे. त्याला वास आला नसेल, असे मी मानत नाही. ते मी त्या वर्षी बंद केले.

निवृत्तीनंतर सांगवीला नात्यातले लग्न होते. दुपारच्या जेवणानंतर पुरुषमंडळी मागच्या खोलीत बसली. चारला माझा मेहुणा बायको-मुलांना घेऊन निघाला. मी गाडीशी जाऊन किल्ली मागितली.

"दाजी, चार लोकांत माझी लाज काढू नका," तो म्हणाला.

मी हात पुढेच ठेवला. शेवटी त्याने किल्ली माझ्या हातावर आपटली. मी गाडी चालवली, तो शेजारी बसला. घरी पोहोचल्यावर मुले हात हलवत जिन्याकडे पळाली. त्याने गाडीचे दार जोरात लावले.

वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. त्या भाऊबीजेला मात्र आला. माझ्या बायकोने त्याला ओवाळले, आणि माझ्याकडे न पाहता तो निघून गेला. तो आला होता, एवढे मला पुरेसे होते.