शुक्रवारच्या मनुका

ज्या घरातून गिरगावभर दारू सोडण्याचा उपदेश जात असे, त्याच घरातून एका गुरुवारी दारूचा वास सुटला. आणि ते घर माझं होतं. आमच्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यनिषेध मंडळाची बैठक त्या दुपारी माझ्याकडेच भरली होती. सगळ्या जणींनी पदराला मंडळाच्या खुणेची पांढरी फीत टाचलेली, डोळे मिटलेले, प्रार्थना अगदी रंगात आलेली. एवढ्यात फळीवरच्या बाटलीचं बूच फट्‌दिशी उडालं. मागोमाग दुसरं, मग तिसरं. लाल फेस भिंतीवरून ओघळू लागला. शेजारच्या काकू दारातून डोकावल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई, मास्तरीणबाई, तुमच्याकडेसुद्धा?" संध्याकाळी घरच्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, कचेरीतून आल्या आल्या उंबऱ्यातच नाक वर केलं आणि गुत्त्याचा परवाना कधी मिळाला म्हणून विचारलं. मला हसूही आलं आणि रडूही. रडू जास्त, कारण त्या बाटल्यांवर एका माणसाची सगळी भिस्त होती.

त्या माणसाचं नाव दाजीबा. मूळचा रत्नागिरीकडचा, परळच्या एका गिरणीत कामाला, आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला. सुटीच्या दिवशी आम्ही परळ-लालबागच्या चाळींतून फिरायचो, ओट्यावर बसून भजनं म्हणायचो, बायकांना शिवण शिकवायचो, आणि दारू-ताडी सोडायला कोणी तयार झाला की देवासमोर त्याच्याकडून शपथ घ्यायचो. लोक मनसोक्त हसत. एका कोळणीने माझी फीत म्हणजे जखमेची पट्टी समजून "बाय, काय लागलाय गो तुला?" असं कळवळून विचारलं होतं. अशाच एका फेरीत दाजीबाने शपथ घेतली, आणि ती पाळली. त्याची बायको सुंदराबाई तेव्हापासून आमच्या मंडळाची खंदी कार्यकर्ती झाली.

पण एक गोष्ट राहून गेली होती. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे देवळात सगळ्यांना प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारसाचा पेला देतात त्या दिवशी, दाजीबा दाराशी बसे आणि पेला फिरू लागण्याआधीच उठून जाई. लोक कुजबुजत, की हा अजून चोरून पीत असणार, म्हणूनच मेजाजवळ यायची छाती होत नाही. मी एकदा त्याला सरळच विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "वैनी, माजा माज्या जिभंवर भरवसा नाय. त्या पेल्याचा वास जरी आला, तरी देवळातनं निघून सरळ गुत्ता गाठीन मी. त्यापरीस भायेर बसलेला बरा." नवरा ताळ्यावर आला, पण मेजापासून तुटला, हे सुंदराबाईच्या जिवाला फार लागलं होतं.

म्हणून आम्ही देवळाच्या पाळकसाहेबांच्या मागे लागलो, की पेल्यात आंबवलेल्या द्राक्षारसाऐवजी गोड, ताजा रस असावा. पाळकसाहेब जुन्या वळणाचे. बऱ्याच मिनतवारीने ते म्हणाले, "एकदा करून पाहू. बिघडलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." आमच्या मंडळात येणाऱ्या एका मडमबाईने कृती सांगितली होती: रस उकळा, बाटल्यांत भरा, बुचं घट्ट लावा, वर्षभर टिकेल. तिच्या थंड मुलखात टिकतही असेल. इथे चैत्राचा उन्हाळा होता, आणि आमच्या बुचांबद्दल न बोललेलंच बरं. हंगामातली शेवटची द्राक्षं आणून, गाणी म्हणत म्हणत आम्ही रस केला आणि आता वर्षाची काळजी मिटली म्हणून हात झटकले. पुढचं सांगितलंच आहे. सुंदराबाईने त्या दिवशी कोणाला दोष दिला नाही. ती फडकं घेऊन जमीन पुसत राहिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

प्रभुभोजन त्याच रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी मी ट्रामने भायखळ्याच्या बाजारात गेले. द्राक्षाचा मणीसुद्धा कुठे दिसेना. उन्हाने जीव कासावीस झाला, तेव्हा एका सुक्या मेव्याच्या दुकानाच्या सावलीत टेकले आणि मनातल्या मनात प्रभूशी भांडू लागले. माझी प्रार्थना नेहमी भांडणानेच सुरू होते, ते त्यालाही सवयीचं झालं असावं. म्हटलं, आम्ही काय स्वतःसाठी मागतो आहोत? तुझ्याच मेजावर तुझंच लेकरू यावं म्हणून ही धडपड, आणि तुला भर प्रार्थनेत आमची बुचं उडवायला सुचतं? माझं आता संपलं. तुला त्याला बोलवायचं असेल, तर तूच बघ.

"बाई, त्या पिवळ्या नका घेऊ, ह्या काळ्या घ्या. ह्यांचं पाणी लाल येतं." शेजारी एक प्रौढ बाई मनुका निवडत उभी होती. नऊवारी लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, बोली कोकणातली, आणि कपाळ माझ्यासारखंच कुंकवावाचून मोकळं. मी विचारलं, "कसलं पाणी?" ती चकित झाली. "कसलं म्हणजे? आज शुक्रवार ना? सांजेच्या प्रार्थनेला पेला नाही भरायचा?"

मग उलगडा झाला. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली होती आणि माझं मोकळं कपाळ पाहून मला आपल्यातलीच समजली होती. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. तो लागतो शुक्रवारी सूर्य मावळताना, आणि तेव्हा त्यांच्या घरी मनुकांच्या गोड पाण्याचा पेला हाती घेऊन देवाचे आभार मानतात. मी ख्रिस्ती असल्याचं सांगितल्यावर ती तोंडाला पदर लावून खूप हसली, आणि तरीही कृती सांगायला विसरली नाही. मनुका धुऊन भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. "आणि त्याच दिवशी प्यायचं हां. ठेवायचं नाही. ठेवलं की फुगतं."

"ते आम्हाला कळलंय," मी म्हटलं.

तिने स्वतःच्या हाताने मला काळ्या मनुका निवडून दिल्या आणि सूर्यास्ताआधी घरची कामं उरकायची म्हणून लगबगीने निघून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. मनुकांची पुडी हातात घेऊन तिथेच बसले, आणि मग लक्षात आलं. प्रभू ज्या लोकांत जन्मला, त्यांच्याच एका लेकीला त्याने आमच्या मेजासाठी धाडलं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, शास्त्राप्रमाणे पेल्यात वेलीचंच फळ हवं. मी म्हटलं, मनुका काय झाडाच्या फांदीला लागतात? त्यांना हसू आलं, आणि आमचं काम झालं. शनिवारी रात्री मनुका भिजत घातल्या आणि रविवारी पहाटे सुंदराबाईने आपल्या हाताने पाणी गाळलं.

देवळात दाजीबा दाराशीच बसला होता. पेला फिरू लागला, तेव्हा तो उठला. पण तो बाहेर गेला नाही, पुढे आला. गुडघे टेकून त्याने पेला हातात घेतला आणि आधी भीत भीत त्याचा वास घेतला. सगळं देऊळ बघत होतं. मग तो प्याला, आणि त्या शांततेत लहान मुलासारखा मोठ्याने म्हणाला, "गोड हाय!" पाळकसाहेबांनी त्याला गप्प केलं नाही. बायकांच्या बाजूला सुंदराबाई हसत होती, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

घरचे म्हणतात, बाजारात मनुका घेणारी बाई भेटली, यात नवल ते काय? मी वाद घालत नाही. मी हात टेकले त्याच क्षणी ती बोलली, एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढं मला पुरतं. वर्षाची बेगमी करून, बूच लावून देवाची कृपा फळीवर ठेवायला मी निघाले होते. तो देतो रोजच्या रोज, आणि ताजं देतो. दयाळा, तुझे उपकार कसे फेडू?

आता शपथ घ्यायला आलेला एखादा घाबरून म्हणतो, "बाई, जन्मभर जमंल का मला?" पूर्वी मी त्याला जन्मभराचा उपदेश करायची. आता त्याच्याजवळ बसते आणि म्हणते, "जन्माचं राहू दे रे. आजचं मागू या, चल."